पेटीची थोरली बहीण : वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात मी माझ्या अकॉर्डियनवर चार पानं लिहिली होती. मी मूळची मिरजेची. वडील भजनात पेटी वाजवायचे, मीही पेटीवर विशारद केलं. १९९९ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत श्टुटगार्टला आले आणि सत्ताविसाव्या वर्षी हे धूड खांद्यावर घेतलं. आता तेच वाजवते, शिकवते आणि त्याच्यासाठी थोडंफार लिहितेही. लेखाखाली संपादकांनी ‘शंका असल्यास कळवा’ असं छापलं. चार-पाच पत्रं येतील असं मला वाटलं होतं, आला तो गठ्ठाच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत.

“ताई, अकॉर्डियन म्हणजे राज कपूरच्या गळ्यातलं आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातलं वाद्य. त्याला ‘शास्त्रीय’ म्हणणं म्हणजे मिसळीला नैवेद्य म्हणण्यासारखं आहे.” — एक ज्येष्ठ वाचक, दादर

काका, मिसळीचा नैवेद्य दाखवणारा देव मला चालेल. पण तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणून नीट उत्तर देते.

१८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियान नावाच्या माणसानं या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याच्या वाद्यात एक बटण दाबलं की एक सूर वाजत नसे, सुरांचा तयार जुडगा वाजे. तीच कॉर्ड, आणि तिच्यावरूनच हे नाव पडलं. ज्याला काही येत नाही त्यालाही गाण्याची साथ करता यावी, एवढाच त्यातला हेतू. आजही तुम्ही ऑर्केस्ट्रात पाहता त्या अकॉर्डियनला डाव्या हाताला १२० बटणं असतात. त्यातल्या दोन रांगा सुट्या सुरांच्या, उरलेल्या चार तयार जुडग्यांच्या. लग्नात, जत्रेत, स्टुडिओत हे फार सोयीचं पडतं. जुन्या काळचा जर्मन संगीतकार बाख वाजवायला बसलात की तीच सोय आडवी येते, कारण त्याच्या संगीतात डाव्या हाताला स्वतःची चाल असते. ती आयत्या जुडग्यांत कशी बसणार?

म्हणून मैफलीच्या वाद्यात एक खटका असतो. तो दाबला की तीच बटणं जुडगे सोडून एकेक सूर द्यायला लागतात. याला कन्व्हर्टर म्हणतात. रशियातल्या बटणांच्या अकॉर्डियनला बायान म्हणतात. मैफलीच्या बायानवर उजव्या हाताला ६४ आणि डाव्या हाताला ५८ सूर मिळतात. मी ‘शास्त्रीय अकॉर्डियन’ म्हणते ते हे, आणि त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत. (अर्थात शास्त्रीय म्हणजे इथे पाश्चात्त्य शास्त्रीय. रागदारीचा प्रश्न पुढे आहे.)

मोठ्या संगीतकारांनी याला हातच लावला नाही असंही नाही. चायकोव्हस्कीनं १८८३ मध्ये आपल्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रा सूटमध्ये चार अकॉर्डियन घातली. हिंडेमिथनं १९२२ मध्ये एका रचनेत एक घेतलं. पण ही सगळी पाहुण्यासारखी, फोडणीपुरती. नुसत्या अकॉर्डियनसाठी म्हणून रचना लिहून घेतली गेली ती १९२७ मध्ये. हर्मोनिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या होनर कंपनीसाठी ह्यूगो हेरमान यांनी सात तुकडे लिहिले. ही कंपनी ट्रोसिंगेनची. माझ्या घरापासून ट्रोसिंगेन गाडीनं तासाभराच्या थोडं पुढे आहे.

आणि काका, ऑर्केस्ट्रावाल्यांना हिणवू नका. गुडी सिरवई, केर्सी लॉर्ड, पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचा हात ऐकूनच माझ्या वडिलांनी “पेटीची धाकटी बहीण फार नखरेल आहे” असं म्हटलं होतं. त्यांचं एकच चुकलं. पेटीचं पेटंट पॅरिसमध्ये दबँ यांनी घेतलं ते १८४२ मध्ये. म्हणजे अकॉर्डियन तेरा वर्षांनी थोरली.

“माझा मुलगा अकरावीत आहे. सात वर्षं कीबोर्ड वाजवतो. तुमचा लेख वाचल्यापासून ‘मला क्लासिकल अकॉर्डियनिस्ट व्हायचंय’ हे एकच चालू आहे. त्याचे बाबा या विषयावर बोलायलाच तयार नाहीत. खरं सांगा, यात पोट भरतं का?” — एक आई, नाशिक

याच प्रश्नाची आणखी सहा पत्रं आहेत. त्यातलं नागपूरचं एक पत्र एका ओळीचं आहे : “मॅडम, महिन्याला किती?” महिन्याचा आकडा सांगत नाही, पण माझा आठवडा सांगते. त्यावरून अंदाज येईल.

सोमवार ते गुरुवार दुपारी दोन ते साडेसात मी नगरपालिकेच्या संगीतशाळेत शिकवते. जर्मनीत बहुतेक गावांना अशी शाळा असते. तास एकेका मुलाचा, अर्ध्या किंवा पाऊण तासाचा. सर्वांत धाकटी विद्यार्थिनी सात वर्षांची, सर्वांत थोरला एकाहत्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन. सकाळी माझा रियाज. शुक्रवार ते रविवार कार्यक्रम, असले तर. गेल्या डिसेंबरात अकरा कार्यक्रम झाले, त्यातले सात चर्चमध्ये. जानेवारीत एकही नाही. फेब्रुवारीत एका नाटकासाठी आठ प्रयोग वाजवले, पडद्यामागे, थंडीत, लोकरी टोपी घालून.

शिकवण्याच्या पैशांवर घर चालतं. वाजवण्याच्या पैशांतून वाद्याची देखभाल आणि सुटीचा प्रवास भागतो. लिहिण्याचे पैसे गेमा नावाच्या संस्थेकडून येतात. आपली रचना कुठे वाजली की तिच्या हक्काचं मानधन ही संस्था गोळा करून देते. गेल्या वेळी त्या रकमेत आम्ही चौघं एकदा बाहेर जेवलो. गोड मागवलं नाही.

आता त्याच्या बाबांना नक्की वाटेल की शिकवणं म्हणजे हरल्यावर करायचं काम. मलाही पहिली दोन-तीन वर्षं तसंच वाटायचं. मग मी या वाद्यातल्या मोठ्या माणसांकडे नीट पाहिलं. मॉस्कोचे फ्रीडरिख लिप्स जगभर वाजवतात आणि १९७१ पासून ग्नेसिन संस्थेत शिकवतात. डेन्मार्कचे मोगेन्स एलगॉर यांनी १९७० मध्ये कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत अकॉर्डियनचा वर्गच सुरू केला. त्यांचे विद्यार्थी ओवेन मरे यांनी १९८६ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत तो सुरू केला. मरे यांच्या हाताखाली शिकलेली रिगाची क्सेनिया सिदोरोव्हा आज मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांबरोबर उभी राहते. पियानोवाल्यानं शिकवलं नाही तरी चालतं, त्याच्या मागे दोन-अडीचशे वर्षांचे शिक्षक आणि श्रोते उभे आहेत. आमच्या मागे कोणी नव्हतं. एलगॉरनी शिकवलं नसतं तर मरे नाहीत, मरे नाहीत तर सिदोरोव्हा नाही.

इथल्या नोकरीतल्या खाचाखोचाही सांगते, कारण परदेश म्हटलं की सगळं आलबेल असं आपल्याकडे वाटतं. संगीतशाळांतले कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षं तासावारी मानधनावर होते. आजारी पडलात की पैसे नाहीत, सुटीत पैसे नाहीत. मीही अकरा वर्षं तशीच होते. २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं हेरेनबर्गच्या एका संगीतशिक्षिकेच्या खटल्यात निकाल दिला की ती स्वतंत्र व्यावसायिक नसून नोकरीत आहे, तेव्हा तिचा विमा शाळेनं भरायला हवा. हेरेनबर्ग आमच्या शेजारचं. त्या निकालानंतर देशभर शाळांची धांदल उडाली, आणि पुढच्या वर्षी माझ्या हातात पक्क्या नोकरीचा कागद आला. जे पूर्ण स्वतंत्र काम करतात त्यांच्यासाठी १९८३ पासून कलाकारांचा वेगळा सामाजिक विमा आहे. हप्त्याचा अर्धाच भाग कलाकारानं भरायचा. फार मोठा आधार आहे तो. भारतातल्या माझ्या वादक मित्रांना सांगते तेव्हा ते चहा थांबवून ऐकतात.

आता त्याच्या तयारीबद्दल. इथल्या संगीत विद्यापीठांत मार्कशीटवर प्रवेश मिळत नाही, प्रवेशपरीक्षा होते. वेगवेगळ्या काळातलं संगीत वाजवावं लागतं : बाख किंवा स्कार्लात्तीसारखं जुनं, आणि अकॉर्डियनसाठीच लिहिलेलं नवं. शिवाय कानाची परीक्षा, संगीतशास्त्र, बहुतेक ठिकाणी थोडा पियानो. मी पहिली परीक्षा दिली ती अठ्ठाविसाव्या वर्षी, कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही. बाखचं एक प्रेल्यूड बरं झालं. मग समोरच्या चौघांतल्या एकानं विचारलं, “आणि मूळ अकॉर्डियनचं काय आणलंय?” माझ्याजवळ पॅरिसच्या कॅफेतलं एक वॉल्ट्झ होतं, तेच मी हसतमुखानं वाजवलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतके सभ्य होते. आठवड्यानं नकाराचं पत्र आलं. जिन्यात बसून रडले. मग दुसऱ्या संस्थेत शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं. मैफल गाजवणारी एकल वादक मी कधीच झाले नाही. सातव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांचा डावा हात सत्ताविसाव्या वर्षी येत नाही, हे मी आता शांतपणे सांगू शकते.

खर्चाचंही बोलू. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १५०० युरो फी लावली. नियम बदलत राहतात, अर्ज करताना ताजा पाहून घ्या. आणि जर्मन भाषा लागतेच लागते. “संगीताला भाषा नसते” हे प्रवेश-कार्यालयाच्या खिडकीत चालत नाही.

म्हणून ताई, तुमच्यासाठी माझं मत असं : बारावी होऊ द्या. आत्ता कर्ज काढून नवं वाद्य घेऊ नका, जुनं चांगलं मिळालं तर घ्या. दोन वर्षांत त्याचा हात भात्याला सरावतो का ते कळेल. कीबोर्डच्या बोटांचा त्याला उपयोग होईल, पण अकॉर्डियन निम्मं वाजतं ते भात्यावर, आणि कीबोर्डला भाता नसतो.

आणि मुला, तुझ्यासाठी दोनच ओळी. सिदोरोव्हाचं, लिप्सचं वादन ऐक, पण त्यांचे हात बघू नकोस, भाता कुठे उलटतो ते बघ. आणि बाबांशी भांडू नकोस, त्यांच्यासमोर रोज वाजव.

“मी चाळीस वर्षं पेटी वाजवतो, साथीलाही बसतो. मला अकॉर्डियन वाजवायला किती दिवस लागतील?” — कोल्हापूर

बुवा, उजव्या हाताला आठवडा पुरेल. बाकीच्या वाद्याला तुमची चाळीस वर्षं थोडी आडवीच येतील. मला आलीच.

पेटीत पंख्यानं हवा भरता ती आधी आतल्या भात्यात साठते आणि तिथून सुरांना सारख्या दाबानं मिळते. पंखा जरा उशिरा पडला तरी सूर पडत नाही. अकॉर्डियनमध्ये साठवण नाही. डावा हात जितका ओढील तितकाच आवाज, त्याच क्षणी. हात थरथरला की सूर थरथरतो. दुसरं, पेटीच्या सुराची पट्टी (आतली धातूची, थरथरणारी) एकाच बाजूच्या हवेनं वाजते. आमच्याकडे भाता उघडताना एक पट्टी आणि मिटताना दुसरी, म्हणजे एकाच सुराला दोन पट्ट्या, त्यांच्यावर इवल्याशा चामड्याच्या झडपा. खर्ज-नर-मादी, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकाच्या पट्ट्या, तुम्हाला ठाऊकच आहेत. तेच इथेही असतं. शिवाय कॅफेच्या अकॉर्डियनमध्ये दोन नर सुरात एकमेकांपासून किंचित हलवलेले असतात, त्यानं तो लाटालाटांचा आवाज येतो. मैफलीच्या वाद्यात ही लाट आम्ही सहसा टाळतो. बाखला लाट लावली की तो सर्कशीत गेल्यासारखा वाटतो.

माझ्या बाई कझाकस्तानातल्या करागांडाच्या. नव्वदच्या दशकात तिथली हजारो जर्मन कुटुंबं इकडे परतली, त्यांतल्या एका घरातल्या. बायानवर शिकलेल्या, हसत नसत. पहिले दोन महिने त्यांनी मला एकही गत दिली नाही. एक सूर धरायचा आणि तीस सेकंदांत भाता पूर्ण उघडायचा. आवाज वाढू द्यायचा नाही, घटू द्यायचा नाही. मग मिटायचा, तसाच. मी सांगितलं, आमच्याकडे गाणारे पहाटे खर्ज भरतात तसं हे आहे. त्यांना ते इतकं पटलं की पुढच्या विद्यार्थ्यांना त्या जर्मनमध्येच “मिरजचा व्यायाम” म्हणून देऊ लागल्या.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दोन महिने. त्यानंतर सुरुवात.

“तुम्ही अकॉर्डियनसाठी लिहिताही, असं वाचलं. वादकानं रचनाकार का व्हावं? आधीच इतकं संगीत लिहून ठेवलेलं असताना?” — संगीताचा विद्यार्थी, पुणे

इतकं संगीत लिहून ठेवलेलं नव्हतं, हीच तर गोष्ट आहे. व्हायोलिनवाला कपाट उघडतो आणि त्यात तीनशे वर्षं भरलेली असतात. अकॉर्डियनवाल्यानं कपाट उघडलं की पोल्का निघायच्या. त्यामुळे या वाद्यातल्या प्रत्येक मोठ्या वादकानं दोनांपैकी एक केलं : स्वतः लिहिलं, किंवा दुसऱ्याच्या मागे लागून लिहवून घेतलं.

एलगॉरचा किस्सा मला फार आवडतो. ते तेव्हा विशीत होते. ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी एक कॉन्चेर्तो वाजवला. ऐकायला ओले श्मिट हे डॅनिश संगीतकार होते. त्यांना रचना काही आवडली नाही, वाद्य मात्र आवडलं. एलगॉरनी सरळ आव्हान दिलं : मग तुम्हीच याहून चांगली लिहा. श्मिटनी लिहिली, १९५८ मध्ये, अकॉर्डियन आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘सिंफनिक फँटसी आणि अलेग्रो’. त्यानंतर एलगॉरनी आयुष्यभर हेच केलं, पेर नॉरगॉरपासून कितीतरी जणांकडून लिहून घेतलं.

रशियात लिप्स आणि सोफिया गुबाइदुलिना यांची जोडी. बाईंनी १९७८ मध्ये लिप्ससाठी ‘दे प्रोफुंदिस’ लिहिलं. त्यात एका ठिकाणी सूरच नाहीत, नुसती हवा आहे. अकॉर्डियनला डाव्या अंगठ्याखाली एक बटण असतं, आवाज न करता भाता उघडायला-मिटायला. शंभर-दीडशे वर्षं वादक ते गुपचूप दाबत आले, म्हणजे श्रोत्याला कळू नये असं. गुबाइदुलिनांनी त्याच फुसफुशीला उच्छ्वास केलं. मी ही रचना पहिल्यांदा ऐकली ती एका रिकाम्या चर्चमध्ये, सराव चालू असताना. वाद्य श्वास घेतंय आणि आपण आपला धरून ठेवलाय, असं झालं. पुढे १९८२ मध्ये त्यांनी चेलो, बायान आणि तंतुवाद्यांसाठी ख्रिस्ताच्या सात वचनांवर लिहिलं. तेही एकदा ऐकाच. इटलीच्या बेरियोंनी आपल्या ‘सेक्वेन्झा’ मालिकेतली तेरावी रचना १९९५ मध्ये अकॉर्डियनला दिली, तेओदोरो आंझेलोत्तींसाठी.

तिन्ही कामं एकाच माणसानं करण्याचं उदाहरण हवं असेल तर व्याचेस्लाव सेम्योनोव. जन्म १९४६. वाजवतात, ग्नेसिनमध्ये शिकवतात आणि लिहितात. त्यांची ‘डॉन रॅप्सडी’ (डॉन नदीकाठच्या कोसॅक लोकांच्या गाण्यांवरची) आणि १९८४ ची पहिली सोनाटा आज स्पर्धेला बसणाऱ्या पोरापोरींच्या बोटांवर असते. लिहिणारा स्वतः वादक असला की ते हाताला लगेच कळतं. पान अवघड असतं, पण हात कुठे अडकत नाही.

वादक नसलेल्याला लिहायला सांगितलं की त्याच्याशेजारी बसावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एक तरुण संगीतकार माझ्यासाठी लिहीत होता. त्यानं उजव्या हाताला अगदी हळू आणि डाव्याला एकदम जोरात असं लिहून आणलं. मी म्हटलं, अरे, भाता एकच आहे! दोन्ही हातांना तीच हवा मिळते. मग त्यानं डाव्या हाताला मोठ्या उड्या दिल्या. डावं मनगट पट्ट्याखाली असतं, त्याला भाता ओढायचाय आणि बटणंही दाबायचीत, शिवाय ती दिसत नाहीत. चाचपण्यासाठी फार तर षड्जाच्या, म्हणजे ‘सी’च्या बटणावर एक खळगा असतो. चार बैठकांनंतर त्यानं जे लिहिलं ते सुंदर झालं, पण त्या बैठकांचं मानधन ना त्याला मिळालं ना मला.

आणि मी स्वतः? मी मुलांसाठी लिहिते, एकेका पानाचं. नवशिक्यांच्या पुस्तकात एक तर लोकगीतं, नाही तर बोटांचे कंटाळवाणे व्यायाम. माझी सात वर्षांची विद्यार्थिनी ते हवेचं बटण वापरायलाच तयार नव्हती. मी तिच्यासाठी ‘कुकर’ लिहिलं. डावा हात गदगदतो, हळूहळू वाढतो, मग हवेच्या बटणानं फुस्स, आणि वर उजव्या हाताची शिट्टी. तीन शिट्ट्या, की संपलं. जर्मन मुलांना शिट्टीचा कुकर माहीत नाही, म्हणून घरचा कुकर वर्गात नेला, संगीतशाळेच्या स्वयंपाकघरात वरण लावलं. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या वर्गातून चेलोचे सर धावत आले. त्या वर्षीच्या मुलांच्या मैफलीत ‘कुकर’ दोनदा वाजवायला लागलं. तुम्ही विचारलंत वादकानं का लिहावं. त्या मुलीला हवेचं बटण शिकवायला दुसरं कुठलं पान मला सापडलं नाही, म्हणून.

“आजोबांचं जुनं इटालियन अकॉर्डियन माळ्यावर सापडलं. दुरुस्त होईल का?” — वसई

आधी वास घ्या. बुरशीचा उग्र वास आला तर भाता गेला समजा. वास नसेल तर हवेचं बटण दाबून भाता उघडा, मग बटण सोडून, काहीही न दाबता, भाता हळूच ओढून बघा. सहज उघडला तर हवा गळतेय. मग प्रत्येक कळ दाबून, भाता उघडताना आणि मिटताना, सूर वाजवून बघा. एकाच दिशेनं मुका सूर असेल तर झडप मुडपली किंवा पट्टी गंजली. समुद्रकाठी गंजाचीच भीती. सुरांच्या पट्ट्या आत मेणानं बसवलेल्या असतात, तेव्हा उन्हातल्या गाडीत वाद्य कधीही ठेवू नका. ठेवताना आडवं नको. वाजवताना जसं असतं तसं, पायांवर उभं. स्वतः मात्र खोलू नका. चांगला पेटी-कारागीर गाठा आणि त्याला आधी एकच सूर दुरुस्त करायला द्या.

“अकॉर्डियनवर राग वाजतो का?” — रत्नागिरी

मी घरी भूप वाजवते. मारवा वाजवत नाही, वडिलांची आठवण येते आणि सूरही खुपतात. पेटीवरचे सगळे आक्षेप इथेही लागू : बारा सूर ठरलेले, मींड नाही. एक छोटी पळवाट आहे. कळ अर्धवट दाबून भात्याचा जोर वाढवला की सूर किंचित खाली वाकतो, खर्जात जास्त. पण वर चढत नाही, खालीच. आधुनिक रचनांत ही युक्ती खूप वापरतात. मी तिच्यावर कोमल गंधार आंदोलित करायचा प्रयत्न सहा महिने केला. नवऱ्यानं विचारलं, “बिघडलंय का?” ज्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला एकल वादनाला बसवलं त्यांनीही पेटीची मर्यादा ओळखूनच तिच्याकडून काम करून घेतलं होतं. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, तेव्हा भूप.

“माझी मुलगी बारीक अंगाची आहे. हे वजन पेलवेल का? पाठीचं काय?” — फोंडा, गोवा

१२० बटणांचं नेहमीचं वाद्य दहा-बारा किलो असतं, मैफलीचं पंधराच्या आसपास. लहान मुलांसाठी छोटी वाद्यं मिळतात, तिनं त्यावरच सुरुवात करावी. बसून वाजवायचं, वजन डाव्या मांडीवर, पट्टे फक्त सावरायला. खुर्ची अशी हवी की गुडघे कमरेच्या खाली जाणार नाहीत. माझी पाठ दुखली ती वाजवून नाही, रेल्वे स्टेशनचे जिने चढून. लिफ्ट असलेलं स्टेशन हे माझ्या कार्यक्रम ठरवण्याचं एक गुप्त कारण आहे.

“ताई, तुम्ही दोन्ही हातांनी वेगवेगळं वाजवता तेव्हा मनात काय म्हणता? मी पेटी शिकते. माझं तीनाला दोन चुकतं. — इयत्ता पाचवी, सातारा”

हे पत्र मी तीनदा वाचलं. अगं, माझंही चुकायचं! एका हातात तीन सूर, दुसऱ्या हातात तेवढ्याच वेळात दोन. बाई जर्मन शब्द सांगायच्या, ते माझ्या हाताला कळायचे नाहीत. मग एकदा ट्राममध्ये मला मराठी शब्द सापडला : ‘आवडते’. कवितेत म्हणतो तसं सुटं म्हण, आ-व-ड-ते. ‘आ’ला दोन मात्रा, ‘व’ला एक, ‘ड’ला एक, ‘ते’ला दोन. झाल्या सहा.

आता मांडीवर कर. ‘आ’ म्हणताना दोन्ही हात. ‘व’ला उजवा. ‘ड’ला डावा. ‘ते’ला उजवा. उजव्याचे तीन झाले, डाव्याचे दोन. आधी अगदी हळू, न थांबता गोल गोल. दहा वेळा जमलं की पेटीपाशी जा. पेटीवर तुझा एक हात पंख्यात अडकलेला असेल, तेव्हा दोन बोटांनी कर, किंवा पंखा भावाकडे दे. आणि मनात नको, मोठ्यानं म्हण.